धोतरावर काढलेला कायदा

माघ सरत आला की आमच्या नगरच्या रस्त्यावरून कडब्याचे टेम्पो जायला लागतात. मी दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसलेली असते. वळणावर टेम्पो हेलकावतो, वरच्या पेंढ्या विजेच्या तारांना घासतात आणि खालच्या डांबरावर पिवळी पानं पडतात. थोड्या वेळानं वास वर येतो. कोरडा, गोडसर, नाकात किंचित टोचणारा. सुगीचा वास. बाकीचं मी हल्ली सगळं विसरते. दुपारची गोळी घेतली की नाही, हे मला सून सांगते. पण हा वास आला की कोल्हारचं आमचं शेत पुढ्यात येऊन बसतं, आणि त्याच्या मधोमध एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी असते. कानामागं ब्रश खोचलेला, हनुवटी वर. मला तिचा फार कंटाळा येतो.

यंदा वास आला त्याच आठवड्यात नात आली. ती वकिलीचं शिकते. त्यांच्या कॉलेजात प्रदर्शन भरायचंय. कायद्याचा अभ्यास जाडजाड पुस्तकांतून बाहेर काढून चित्रांतून, गाण्यांतून, नाटकांतून लोकांपर्यंत न्यायचा, असा त्यांचा बेत आहे. त्याला त्यांनी 'आंतरविद्याशाखीय उपक्रम' असं नाव दिलंय. ते म्हणताना माझी कवळी सैल होते.

"आजी, तू कायद्यावर चित्रं काढली होतीस ना? बाबा म्हणाले. अजून आहेत का?"

"आहे की एक. आम्ही त्याला धोतर म्हणायचो," मी म्हटलं.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. धोतर ट्रंकेच्या तळाशी आहे, हे खरं. ते वर काढायला मला वाकवत नाही, हे अर्धं खरं.

ते लढाईचे दिवस होते. लढाई लांब कुठंतरी, पण कागद मिळेना, रॉकेल मिळेना, रंगाच्या डब्या तर दिसेनाशाच झालेल्या. माझे वडील अण्णा नगरच्या कोर्टात वकील होते. दम्यानं त्यांना कोर्ट सोडायला लावलं, म्हणून आम्ही कोल्हारला, प्रवरेकाठच्या आमच्या चार खोल्यांच्या घरी येऊन राहिलो. शेत वाट्यानं दिलेलं होतं. अण्णा दिवसभर लोडाला टेकून एक ग्रंथ सांगत आणि मी तो लिहून घेत असे. विषय : हिंदू विधवेचा वारसाहक्क. अण्णांचं वाक्य सकाळी सुरू व्हायचं आणि त्याचं क्रियापद दुपारच्या चहाला यायचं. मधे धाप, मधे खोकला, मधे तीन तळटिपा. मला त्या वाक्यांचा मोठा अभिमान होता. जे कळत नाही त्याचा अभिमान धरायला ते वय उत्तम असतं.

कायदा तसा साधाच होता. नवरा वारला तर एकत्र कुटुंबातला त्याचा हिस्सा बायकोकडे यावा, ती असेतो तो तिचा राहावा, आणि तिला वाटणी मागता यावी. आधी तो शेतजमिनीला लागत नाही असं वरच्या कोर्टानं ठरवलं. मग मुंबई इलाख्यानं वेगळा कायदा करून शेतीलाही लावला. अण्णांचं पुस्तक या दोन्हींच्या मधे सापडलं होतं, त्यामुळं सगळी प्रकरणं पुन्हा लिहायला घेतली होती. माझ्या बोटाला त्या हिवाळ्यात पडलेला घट्टा अजून हाताला लागतो.

आतल्या खोलीत गोदूआत्या असायची. अण्णांची थोरली बहीण. न्हातीधुती व्हायच्या आतच विधवा झालेली; डोक्यावर केस नाहीत, अंगावर आलवण. आमच्या ब्राह्मणांच्या घरी तेव्हा विधवेला असंच ठेवत : तांबडं, बिनकाठाचं लुगडं, तेच डोक्यावरून घट्ट ओढलेलं. निवडणं, कांडणं, दळणं करता करता तिनं सगळा ग्रंथ भिंतीआडून ऐकलेला होता. अण्णा अडले की आतून आवाज यायचा, "मागच्या प्रकरणात तू उलटं म्हणालास, बाळू." अण्णा पानं उलटायचे आणि मला ते वाक्य खोडायला लावायचे. पण हा कायदा आत्याला लागू नव्हता. तो आल्यानंतर ज्यांचे नवरे गेले त्यांच्यासाठीच होता. "आमचे हे फार घाईनं गेले," आत्या म्हणायची आणि सुपातले खडे फेकायची.

ज्वारी पिवळी पडली की कोल्हारच्या रानात एक आवाज यायचा, वाळलेली पानं एकमेकांवर घासल्याचा, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. प्रवरेचं पाणी खाली गेलेलं, वाळूत झरे खणलेले. देवीची जत्रा उलगलेली, तरी पाळण्यांच्या खड्ड्यांत पोरं खेळत असायची. आधी ताटं उपटायची, मग ती जमिनीवर पसरायची, आणि मग बायकांनी ओळीनं बसून विळ्यानं कणसं खुडायची. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, अशी त्यांची सावड असे. बसून करायचं असं सुगीतलं काम हे एवढंच. हात चालू, तोंड चालू. गावातली प्रत्येक बातमी खुडणीत पिकायची.

त्या साली खुडणीतली बातमी हौसाची होती. हौसा आमच्या शेजारच्या रानातली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापानं गेला. पदरात चार वर्षांची मुलगी. वय माझ्याच आसपास, पण मी तिच्याकडं मोठ्या माणसाकडं पाहावं तसं पाहत असे. दिरानं तिला सांगितलं होतं की सुगी उरकली की तालुक्याला जायचं, एका कागदावर अंगठा द्यायचा. कागद काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. नदीवर आत्याच्या कानावर आलं. कागद हक्कसोडीचा होता. अंगठा दिला की नवऱ्याच्या वाट्याची जमीन गेली, आणि उरली ती दिराच्या मर्जीची भाकर.

"बोलावून सांग तिला," आत्या अण्णांना म्हणाली.

"मी बोलावलं तर दीर म्हणेल, वकिलानं कान भरले. तिला त्या घरात राहायचंय," अण्णा म्हणाले. "सगळ्याच बायकांना सांगितलं पाहिजे. कुणा एकीचं नाव न घेता."

"मग वाचून दाखव तुझा ग्रंथ," आत्या म्हणाली. "तिसऱ्या तळटिपेला दिवस मावळेल."

इथं ती मुलगी उठली. म्हणजे मी. ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास झालेली, गावात एकटीच. "मी चित्रं काढते," मी म्हटलं. "खुडणीत नेऊन दाखवते. ज्याला अक्षर कळत नाही त्याला चित्र कळतं." हे मी अशा थाटात म्हटलं की जणू चित्र म्हणजे काय ते जगाला पहिल्यांदा मीच सांगत होते. आज नात तिच्या मैत्रिणींपुढं तेच म्हणते, तेव्हा मी पाणी प्यायला आत जाते.

कागद नव्हता, म्हणून अण्णांचं जुनं धोतर घेतलं. त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावून दोरीवर ताणून वाळवलं. काळ्यासाठी काजळी, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद. तांबडा कुठून आणायचा, म्हणून घर धुंडाळलं, तर आत्याचं आलवण रंगवून उरलेली रंगाची पुडी फडताळात सापडली. मी आनंदानं उडी मारली. चित्राची नायिका विधवा, तिचं लुगडं तांबडं, आणि तांबडा रंग घरातच. याहून चांगला योग कोणता असणार?

आणि विधवा म्हणून समोर बसायला आत्या होतीच.

"माझं नाक एवढं मोठं नाहीये," आत्या वाकून बघत म्हणाली.

"आहे."

"असेल. पण तू ते आधी काढलंस आणि मग मागं बाई जोडलीस."

सात दिवस मी खपले. पहिल्या चित्रात बाईचा नवरा मरतो. दुसऱ्यात दीर मिशीला पीळ भरतो. तिसऱ्यात कागद आणि अंगठा, त्यावर मोठी काट. चौथ्यात अण्णांच्या कपाटातल्या एका पुस्तकावरून उतरवलेली डोळे बांधलेली न्यायदेवता. पाचव्यात पांढऱ्या केसांचा टोप घातलेला न्यायाधीश. सहाव्यात बाई आपल्या शेताच्या बांधावर उभी, मागं ज्वारी, डोक्यावरून तांबडं आलवण घट्ट ओढलेलं. ते सहावं मला फार आवडलं होतं. आत्या हुबेहूब आली होती. नाक तर फारच.

आमच्या रानात खुडणी लागली त्या दिवशी दुपारी, भाकरी खाऊन बायका सावलीला टेकल्या तेव्हा मी दोन खुंट्या ठोकल्या आणि धोतर ताणून बांधलं. पंधरावीस बायका. कडब्याचा वास, ठेच्याचा वास, मडक्यातल्या पाण्याला येणारा मातीचा वास. पुढं ठकूबाई बसली होती. खुडणीची ओळ ती धरायची. तिच्या विळ्याच्या वेगानं सगळ्यांचे विळे चालायचे. मागं, कडेला, मुलीला मांडीवर घेऊन हौसा.

मी घसा साफ केला. "भगिनींनो," मी म्हटलं.

"आगं, कुनाला म्हनती?" कुणीतरी विचारलं.

"आपल्यालाच. ऐका गुमान," ठकूबाई म्हणाली.

दीर दिसला तशी खसखस पिकली, प्रत्येकीला त्यात आपल्या घरातलं कोणीतरी दिसलं. न्यायदेवतेपाशी मात्र ठकूबाई थांबली.

"ही बया तराजू घेऊन कुठल्या दुकानात बसली?"

"ही न्यायदेवता. ती कुणाचं तोंड बघत नाही, म्हणून डोळे बांधलेत."

"मंग मापात मारत्याल की तिला."

"आन् ह्यो म्हातारा कोन? का म्हातारी?" दुसरी म्हणाली.

"हे न्यायाधीश."

"मंग पांढरा आंबाडा का घातलाय?"

मला राग आला. मी कायदा सांगत होते आणि या हसत होत्या. न्यायाधीशाला टोप का असतो ते मी सांगत बसले, आणि ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. सहावं चित्र आलं तोवर मी चिडलेली होते, म्हणून ते घाईनं, अण्णांच्या वाक्यात सांगितलं. "विधवेस पतीच्या हिश्श्याचा हक्क प्राप्त होतो." अशी ओळ मी सुगीच्या दुपारी, कडब्यावर बसलेल्या बायकांना ऐकवली. मला आठवलं की अजूनही कानशिलं गरम होतात.

पण सहाव्या चित्रापाशी त्या हसल्या नाहीत. पुढं सरकून बघायला लागल्या. ठकूबाईनं बोटानं हवेतच नाकाची रेघ काढली आणि शेजारणीकडं बघून मान हलवली. सगळ्या उठून गेल्यावर हौसा मुलीला काखेत घेऊन जवळ आली.

"ताई, ही जिमीन हिची झाली?"

"झाली. कायद्यानं झाली."

"कुनी काढून न्हाई घ्यायाचं?"

"कुणी नाही."

ती बराच वेळ आलवणाकडं बघत राहिली. मग हसली. मनापासून, दात दिसतील असं. "लई ब्येस झालं," म्हणाली आणि ओळीत जाऊन बसली.

मी घरी धावत गेले. "अण्णा, त्यांना कळलं. हौसाला कळलं." अण्णांना त्या दिवशी धापही कमी लागली. प्रस्तावनेत माझ्या चित्रांविषयी दोन ओळी घालायच्या, असं ते म्हणाले. त्या ओळी मीच माझ्या सुंदर अक्षरात लिहून घेतल्या, आणि 'चित्रकलानिपुण' हा शब्द त्यांना मीच सुचवला. आत्या आतून काहीच बोलली नाही. ती गप्प असली की सावध व्हायला हवं होतं. पण निपुण माणसं सावध नसतात.

खुडणी संपली, मळणी झाली. बैल खळ्यावर गोल गोल फिरले, वारं सुटलं तशी उफणणी झाली, अंगाला कूस लागून आठवडाभर खाज सुटली. आणि एका सकाळी ठकूबाई ताक मागायला आली तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाली, "हौसा काल तालुक्याला गेल्ती. दिला आंगठा."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "पण चित्र बघितलं होतं ना तिनं?"

"बगितलं की. समद्यांनी बगितलं."

"मग?"

"मंग काय, ताई? बामनाच्या बायांचा कायदा झालाय, त्यात गोदूकाकूला जिमीन गावली, त्ये तुमी सांगायला आल्ता. आमी बी म्हनलो, बरं झालं बया, त्या माउलीनं लई हाल काढल्यात. आता आमच्यात कुठं कोन आलवन नेसतंय? आमची बाई कपाळ तेवढं मोकळं ठिवती. तुमच्या चितरात आमच्यातली एक तरी हुती का?"

नव्हती. मी तोवर जवळून एकच विधवा पाहिली होती. चित्रांत तीच काढली, आणि इतकी हुबेहूब काढली की सगळ्या गावानं तिला ओळखलं. चित्र वाईट असतं तर चाललं असतं. थोडं चुकलं असतं, नाक जरा लहान झालं असतं, तर ती कुणीही बाई झाली असती. हौसासुद्धा झाली असती.

अण्णा काठी टेकत स्वतः गेले आणि हौसाला आमच्या ओसरीवर घेऊन आले. आता दिराला काय वाटेल ते वाटो, म्हणाले. त्यांनी तिला समजावलं, आणि त्या दिवशी त्यांची वाक्यं दोन-दोन शब्दांची होती. जमीन तुझी होती. अजून भांडता येईल. मी उभा राहीन. हौसा खाली मान घालून ऐकत होती. मुलगी ओसरीच्या दगडावर कोळशानं काहीतरी गिरवत होती.

"ऱ्हाऊ द्या, वकीलसायेब," हौसा शेवटी म्हणाली. "त्या घरात पोरीला दूध मिळतंय. कोरटात गेलं की त्ये बी बंद." मग दाराच्या आत बघून म्हणाली, "काकू, तुमचं तरी झालं ना?"

मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं दळून दळून दगडासारखी झालेली होती.

"झालं हो," आत्या म्हणाली. "माझं झालं."

"मंग बरं. एकीचं तरी झालं," हौसा म्हणाली, आणि पोरीचा हात पुसून निघाली. पुढल्या पावसाळ्यात दिराच्या घरातलं दूधही आटलं. ती मुलीला घेऊन भंडारदऱ्याकडं, डोंगरात, माहेरी गेली. ती पुन्हा कोल्हारला आलेली मी पाहिली नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं धोतर माझ्यापुढं टाकलं. "मला यातनं काढ," म्हणाली. "मी उगाच मधे आलेय."

ठकूबाईला बोलावलं. तिनं मला हुकूम सोडले : कासोटा घाल, लुगडं काळसर निळं कर, पदर खोच, हातात विळा दे, पायात जोडवी ठेवू नको. न्यायदेवता आणि टोपवाला मी पुसून टाकले. आंधळीच्या जागी तलाठी काढला, कारण त्याला सगळ्या ओळखत होत्या. शब्द ठकूबाईनंच ठरवले. "धन्याचा वाटा तो तुजा वाटा. आंगठा पदराखाली ठिव." अण्णांच्या अख्ख्या ग्रंथाचं सार तिनं एवढ्यात उरकलं, आणि अण्णांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्याला मात्र तळटीप दिली नाही.

पुढच्या सुगीत मी ते धोतर सहा-सात गावांच्या खुडणीत नेलं. 'भगिनींनो' म्हटलं नाही. बहुतेक बायकांनी ऐकलं आणि पुढं अंगठे दिले, कारण त्यांनाही पोरींचं दूध बघायचं होतं. पलीकडच्या गावातल्या एकीनं दिला नाही. तिनं तालुक्याच्या कचेरीत हात पदराखाली घेतला तो काढलाच नाही, असं ठकूबाई सांगायची, दर वेळी नवं काहीतरी जोडून. एकच बाई. मी मोजत बसले तर तेवढीच. अण्णांचा ग्रंथ छापून झाला आणि त्याचे गठ्ठे आमच्या माळ्यावर वाळवीनं वाचले. मग देश स्वतंत्र झाला, कायदे पुन्हा बदलले, माझं लग्न झालं. कुठल्याही मुलीनं उत्साहानं "लोकांना समजेल असं" म्हटलं की माझे गुडघे दुखायला लागले. थकवा हा असा. तो कामाचा नसतो. आपल्याला कळलं म्हणजे समोरच्याला कळलं, असं वाटून घेतल्याचा तो असतो.

काल नातीनं शेवटी ट्रंक उघडलीच. धोतर अंथरलं. खळ कुठंकुठं सुटलीय, हळद पार उडालीय. पण सहाव्या चित्रातल्या बाईचं काळंनिळं लुगडं आता काळं राहिलेलं नाही. खालचं तांबडं वर आलंय, डोक्यापासून पायापर्यंत. तो आत्याच्या आलवणाच्या पुडीतला पक्का रंग. काजळी आणि नीळ त्याच्यावर किती दिवस टिकणार. तेव्हाही दर सुगीला मला ते पुन्हा काळं करावं लागायचं.

"आजी, हा डाग पडलाय का?" नात म्हणाली. "आमच्याकडं एक मॅडम आहेत, त्या साफ करून देतील. आणि खाली पाटी लावायचीय. काय लिहू?"

"साफ नको करूस," मी म्हटलं. "लिही, ही गोदूआत्या. हिला जमीन मिळाली नव्हती."

ती लिहीत होती. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, ते मला बरं वाटलं.